साखळीतल्या कुत्र्याचा काय गुन्हा?

रात्रीची लाईट आली की पाणी धरायला मळ्यात जावंच लागतं. सोबतीला साखळीला धरलेलं कुत्रं असतं. वाटेत चार-पाच मोकाट कुत्री अंगावर येतात. आपलं कुत्रं बांधलेलं. त्याला ना पळता येत, ना लढता येत. सोडवायला जावं तर धन्यालाच चावा बसतो.

अशा वेळी पळू नये. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतंच. साखळी आखूड धरून आपलं कुत्रं मागे घ्यावं, काठी पुढे धरावी आणि नजरेला नजर न भिडवता हळूहळू बाजूला व्हावं. दगड उचलल्यासारखं नुसतं वाकलं तरी बरीच कुत्री मागे सरतात. झुंज जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये; पाणी मारावं, पोतं टाकावं. अगदीच निभाव लागेना, तर साखळी सोडून द्यावी.

चावा बसला तर हळद, चुना, तिखट भरत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लसीचे सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. चावलेल्या जनावरालाही पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

पण काठीने एक रात्र निभते, प्रश्न सुटत नाही. आपण मोकाट म्हणतो त्यातली बरीचशी कुत्री कुणाच्या तरी दारची असतात. राखणीला कुत्रं हवं, पण बांधायला नको, लस टोचायला नको! अशा निष्काळजीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उरलेली कुत्री पोसली जातात ती गावाबाहेर फेकलेल्या मेलेल्या जनावरांवर आणि चिकनच्या दुकानांच्या घाणीवर. विष घालणं हा तर गुन्हाच आहे. शिवाय खायला मिळतं तोवर रिकाम्या जागी दुसरी कुत्री येतातच. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही आहे.

तेव्हा सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ग्रामसभेत तीन विषय घ्यावेत : मेलेली जनावरं पुरायला जागा, पाळीव कुत्र्यांची नोंद आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरणाचा दिवस. जो आपलं कुत्रं साखळीला धरून नेतो, त्यानेच जीव मुठीत धरून का चालावं?