बारावीपुढचा पास

जून-जुलैत रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर पासासाठी रांग लागते. रांगेतल्या शाळकरी मुली निर्धास्त असतात, कारण अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून त्यांना पास मोफत मिळतो. ही सवलत १२वीपर्यंत आहे. त्याच रांगेतली त्यांची ताई यंदा साताऱ्याच्या कॉलेजात एफ. वाय. बी. एस्सी.ला गेली असेल, तर तिला विद्यार्थी सवलत धरूनही भाड्याचा तिसरा हिस्सा रोख मोजावा लागतो. गाडी तीच, रस्ता तोच. फक्त मुलगी एक इयत्ता पुढे गेलेली.

रक्कम डोळे पांढरे करणारी नसते. पण कॉलेजसाठी घरातून रोकड बाहेर पडायला सुरुवात होते ती इथून. मग जर्नल, लॅबचा ॲप्रन, परीक्षेचा फॉर्म. कॉलेज पुण्यात असेल तर खानावळीचा ॲडव्हान्स आणि रूमचे डिपॉझिट. गावातल्या पारावर मात्र एकच प्रश्न ऐकू येतो : "फी माफ झालीय ना? मग आता अडचण कसली?"

अडचण फीबाहेरची असते, आणि देणगीतून उभ्या राहिलेल्या शिष्यवृत्त्या उपयोगी पडतात त्या नेमक्या तिथे. तरीही त्यांच्याविषयी शहाण्यासुरत्या माणसांचे मत फारसे बरे नाही. शिक्षण हा हक्क आहे, तो धर्मादायावर का सोडायचा, असे कोणी म्हणते. दुसऱ्याच्या पैशाने मुले मिंधी होतात, असे कोणी म्हणते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात 'कमवा आणि शिका' असताना हात का पसरायचा, असा तिसऱ्याचा सवाल. आणि चौथा म्हणतो, हे पैसे शेवटी पहिल्या नंबरवाल्यालाच मिळतात. चारही आक्षेपांत थोडेबहुत तथ्य आहे. म्हणून ते एकेक करून तपासलेले बरे.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार. शिक्षणाचा भार सरकारने उचलावा, याबद्दल वाद नाही, आणि महाराष्ट्रात सरकार काहीच करत नाही असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शुल्क शिष्यवृत्ती आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना आहे. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे थोडेथोडके नाही.

पण पैशाला रक्कम असते तशी वेळही असते. कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात रोकड केव्हा येते ते पाहावे. ऊस कारखान्याला जातो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि बिल त्यानंतर. आल्याचा भाव कधी खुशीत असतो, कधी काढणीची मजुरीही निघू देत नाही. कॉलेजचे प्रवेश मात्र जून ते ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे बी-बियाणे आणि खतांनी घर आधीच रिकामे केलेले असते तेव्हा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, उत्पन्नाचा दाखला जोडला, खाते आधारशी जोडले, तरी पैसे वर्ष सरत आल्यावर, कधी पुढच्या वर्षी जमा होतात. रूमचा मालक तोवर थांबत नाही. प्रवेश घेतला की नाही याचा निकाल अनेकदा त्या पहिल्या सहा आठवड्यांत लागतो. देणगीदारांची समिती मनात आणले तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात बँकेत पैसे भरू शकते. सरकारची जागा घ्यायला तिला कोणी सांगितलेले नाही. सरकारी पैसा येईपर्यंतची फट बुजवली, तरी मुलीचे वर्ष वाचते.

दान आले की सरकार अंग काढून घेते, या भीतीवर साताऱ्याच्या इतिहासात उलटा दाखला सापडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई राज्याच्या खेर सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. तो काळ लोकांच्या देणग्यांवर निघाला आणि अनुदान पुढे पुन्हा सुरू झाले. लोक पाठीशी होते, म्हणूनच सरकारकडे मागायला संस्थेच्या अंगात बळ राहिले. देणगीवर ज्यांनी संस्था तगवली त्यांनी हक्काची मागणी सोडून दिली नव्हती.

आता मिंधेपणाचा मुद्दा. मराठी मुलखात गरीब विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या अन्नावर शिकणे नवे नाही. वार लावून जेवणे, माधुकरी मागणे यांवर पिढ्या शिकल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. आणि वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून आज पोटभर मिळणार की नाही याचा अंदाज घ्यायचा. त्यातला अपमान खरा होता, आणि त्या पंगतीत सगळ्या जातींच्या मुलांना जागाही नव्हती. आजची फ्लेक्सवरची शिष्यवृत्ती त्याच वळणाची आहे. दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक, त्यामागे मान खाली घातलेला मुलगा, शेजारी हार घातलेले पाहुणे. आणि तो फोटो संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. या पद्धतीवर जितकी टीका होईल तितकी थोडीच.

म्हणून पैसाच नको म्हणायचे? इथे एक रेल्वेप्रवास आठवावा. १९०१ साली साताऱ्यात शिकणारा भीमराव नावाचा एक मुलगा भावंडांबरोबर पाडळीला गाडीत बसला आणि मसूरला उतरला. वाटेत रहिमतपूर स्टेशन लागते. मसूरला त्या मुलांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना आणि रात्रभर पाणीही मिळाले नाही. त्याच मुलाला पुढे कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे उभे केले. बी. ए.साठी दरमहा २५ रुपये आणि १९१३ पासून तीन वर्षे कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, अशी ती मदत. बदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये आंबेडकरांना लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५ हजार रुपये यांच्या आधारावर.

दरबारची शिष्यवृत्ती, राजाची मदत, मित्राचे कर्ज, स्वतःची कमाई. असा चार पायांवर उभा राहिलेला विद्यार्थी कोणाचा मिंधा झाला, हे मिंधेपणाचा मुद्दा मांडणाऱ्यांनी दाखवून द्यावे. मदत मिंधे करत नाही. ती ज्या रीतीने हातावर ठेवली जाते, ती रीत करते.

तिसरा आक्षेप स्वावलंबनाचा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचे वाक्य साताऱ्यात पोराटोरांना पाठ आहे, आणि बोर्डिंगातली मुले शेतात राबून शिकली हेही खरे. पण श्रमाबरोबर तिथे देणगीही होती. राबायला जमीन, राहायला छप्पर आणि भाकरीला धान्य कोणी तरी दिले होते. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. कर्मवीरांना मानायचे तर त्यांची खुरपी घ्यायची आणि पावतीपुस्तक विसरायचे, असे करता येत नाही. शिवाय आज बी. एस्सी.च्या मुलीची प्रॅक्टिकले दुपारी संपतात आणि शेवटची सोयीची एसटी गाठायची असते. तिने कमवायचे केव्हा, हे वेळापत्रक पुढ्यात ठेवून सांगावे.

देणगीदाराच्या अटी किती चालवून घ्यायच्या, याचाही धडा त्याच घरात मिळतो. साताऱ्यात १९४७ साली निघालेल्या कॉलेजला स्वतःचे नाव द्यावे म्हणून एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, आणि एक वेळ बापाचे नाव बदलेन पण शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर भाऊरावांनी दिले, ही हकीकत अजून सांगितली जाते. कॉलेज आजही छत्रपती शिवाजी कॉलेजच आहे.

चौथ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवायला हवी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक विषयात पहिला आल्याबद्दल ३०० रुपये, अशी घोषणा होते तेव्हा विंगेत हशा पिकतो. त्यामागचा हिशेब साधा आहे. कोणा गुरुजींच्या मुलाने पूर्वी ५ हजारांची ठेव ठेवली. व्याज १२ टक्के होते तेव्हा वर्षाला ६०० रुपये मिळत आणि त्यात पुस्तकांचा गठ्ठा येई. आता दर ६ टक्क्यांवर आला, रक्कम ३०० झाली आणि पुस्तकांच्या किमती कुठच्या कुठे गेल्या. वर हे पैसे पहिल्या नंबराला मिळतात. त्याच्या घरी कदाचित आई-वडील दोघेही नोकरीला असतात. ५८ टक्के मिळवून, पहाटे धारा काढून कॉलेजला येणारी मुलगी त्या यादीत येतच नाही. दोष ठेवीचा नाही. ठेवीला जोडलेल्या अटीचा आहे, आणि अट बदलता येते.

ती कशी बदलावी, याची उदाहरणे दूर नाहीत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी ठेवला, तो कर्जाऊ. फेडलेले पैसे पुढच्या विद्यार्थ्याला. त्याच्या अगदी पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती खेड्यांतल्या मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय देते, कामही करायला लावते, आणि तिथून शिकून गेलेली मुले पुढे देणगीदार होतात. समितीत गरज आधी पाहिली जाते, नंबर मागाहून.

मोठ्या कंपन्यांच्या पैशावर रहिमतपूरने डोळा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात खरे, पण कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असल्याने तो ओघ चाकण-रांजणगावकडे जास्त. रहिमतपूरची ठेव वेगळीच आहे. या भागातली माणसे दोन-तीन पिढ्या मुंबईला गेली. कोणी गिरणीत, कोणी माथाडी कामात. त्यांची गावकरी मंडळे अजून जत्रेची पट्टी बिनचूक गोळा करतात. अशा १०० माणसांनी महिन्याला ५०० रुपये काढले, तर वर्षाचे ६ लाख होतात. एकेकीची फीबाहेरची फट २० हजारांची धरली, तरी ३० विद्यार्थ्यांचे वर्ष निघते.

नियमही चारच ओळींत मावतील. अर्ज मेमध्ये, पैसे जुलैत, थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर. निवड करणाऱ्यांत देणगीदार नको, कॉलेजातला एक शिक्षक आणि मदत घेऊन शिकलेला एक माजी विद्यार्थी हवा. पहिल्या वर्षी मिळाले की पदवी होईपर्यंत मिळत राहावे, कारण मध्येच तुटलेल्या मदतीने लंडनचा अभ्यास १९१७ मध्ये अर्धा राहिला होता. आणि फोटो नको. देणाऱ्याला पावती, घेणारीला पासबुकातली नोंद.

जत्रेचा हिशेब मिटवायला मंडळाची बैठक बसते तेव्हा खर्च वजा जाता थोडी शिल्लक उरते, आणि पुढच्या वर्षासाठी म्हणून ती बँकेत पडून राहते. १२वीचा निकाल मेमध्ये लागतो. त्या शिलकेतून निदान साताऱ्याला जाणाऱ्या पोरींचे पास निघतील का, एवढा एक विषय कोणी तरी त्या बैठकीत मांडायचा आहे.