काडतूस नव्हे, जखमेची जागा
चितळाच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तरी नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपास चोरटी शिकार संपलेली नाही. ‘मोठे काडतूस म्हणजे जागीच मरण’ हा समज चुकीचा आहे. हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी फुटली तर मृत्यू मिनिटांत येतो. पोटात लागलेली जोरदार गोळी मात्र जनावराला तासन्‌तास तडफडवते.

माणसाचे शरीर याला अपवाद नाही. मोहफुले वेचणाऱ्याला चुकून छर्रा लागला, तर ‘बारीकच आहे’ म्हणून किंवा पोलिसांच्या भीतीने घरी थांबू नये. छर्रा उकरू नये. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे, १०८ ला फोन करावा. पोलिसांना कळवणे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.