केसपेपरावर नसलेला प्रश्न

पाळीव कुत्र्याची पहिल्यांदा तपासणी करताना पशुवैद्यक लसीकरण, जंतांचे औषध, आहार, शौचाच्या सवयी यांची विचारपूस करतो आणि ती केसपेपरावर उतरवून घेतो. मात्र हा कुत्रा पूर्वी कधी घरातून सुटला होता काय, सुटला असल्यास कोणत्या निमित्ताने, कोणत्या वाटेने, आणि तो कोठे सापडला, हा प्रश्न बहुतेक दवाखान्यांच्या केसपेपरावर छापलेला आढळत नाही. कुत्रा पळणे हे मालकाच्या निष्काळजीपणाचे फळ आणि सापडणे हा त्याच्या नशिबाचा भाग, असा काहीसा समज त्यामागे असावा. वस्तुतः पळण्यामागे भय, माज, शिकारीची ओढ, कोंडलेपणाचा कंटाळा किंवा म्हातारपणातील संज्ञानात्मक ऱ्हास (ज्यात प्राण्याला ओळखीची जागा व वेळ उमगेनाशी होते) यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते, आणि कारण शोधणे हे चिकित्सकाचेच काम आहे.

कारण बदलले की उपाय बदलतो. माजावर आलेल्या मादीच्या गंधामागे कुंपण ओलांडणाऱ्या नराचे भटकणे खच्चीकरणाने पुष्कळ अंशी कमी होते. परंतु फटाका वाजताच उघड्या दारातून उधळणाऱ्या कुत्र्यासाठी त्याच शस्त्रक्रियेचा भरवसा देणे ही मालकाची दिशाभूल होय. सांगली, सोलापूर, लातूर या पट्ट्यात सांभाळली जाणारी कारवानी आणि पश्मी ही नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करणारी कुत्री आहेत. त्यांचे डोके निमुळते व मानेच्या मानाने अरुंद असल्यामुळे नेहमीचा बकलाचा गळपट्टा मागे ओढ बसताच कानांवरून निसटतो, म्हणून त्यांना ओढ बसल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा दुपदरी गळपट्टा, ज्याला मार्टिंगेल म्हणतात, तो सुचवायला हवा. कंटाळ्याने फाटकाखाली उकरणाऱ्या कुत्र्याला आखूड साखळीने बांधून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे मालकाला बहुधा ठाऊक नसते.

या सर्व कारणांत भयाचा विचार अधिक विस्ताराने करावा लागतो, कारण त्यावर आजही सर्रास चुकीचे औषध लिहून दिले जाते. दिवाळीच्या आदल्या दिवशी मालक दवाखान्यात येतो, ‘झोपेची गोळी’ मागतो आणि त्याच्या हाती ॲसिप्रोमाझिन पडते. हे औषध स्नायूंची हालचाल मंदावते, पण भय कमी करत नाही. आवाजाला दचकण्याची वृत्ती टिकून राहते, त्यामुळे कुत्रा शांत दिसत असला तरी आतून तितकाच घाबरलेला असतो आणि केवळ पळण्याचे बळ गमावून बसतो. ध्वनिभयावर ते एकटे देऊ नये, असे प्राणिवर्तनाचे अभ्यासक दीर्घकाळ सांगत आले आहेत. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम किंवा हिरडीवर लावण्याचे डेक्समेडेटोमिडिनचे जेल असे पर्याय हाती आहेत. परंतु ते आवाज सुरू होण्याच्या पुरेसे आधी द्यावे लागतात, आणि अल्प्राझोलामसारख्या औषधाने क्वचित उलट उत्तेजना येत असल्यामुळे एखाद्या निवांत दिवशी चाचणीची मात्रा देऊन पाहणे आवश्यक ठरते. फ्लुओक्सेटिनसारखे दीर्घकाळ द्यायचे औषध तर परिणाम दाखवायला चार ते सहा आठवडे घेते. म्हणजेच दिवाळीचे उपचार गणपतीच्या सुमारास सुरू झाले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. त्या वेळेवर विसंबून कुत्र्याला फिरवण्याचे वेळापत्रक आखण्याचा सल्ला कोणत्याही अनुभवी पशुवैद्याने देऊ नये.

मालकाला उपदेश करण्यापूर्वी व्यवसायाने स्वतःच्या उंबऱ्याकडेही पाहणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रातील कितीतरी दवाखाने रस्त्यालगतच्या गाळ्यात चालतात. शटर वर केले की आत एकच काचेचे दार आणि दारापलीकडे थेट वाहता रस्ता. आत यायला न धजणारा कुत्रा पाय रोवून मागे रेटतो तेव्हाच गळपट्टा डोक्यावरून निघतो, आणि परतताना मालक काउंटरवर क्यूआर कोड स्कॅन करण्यात गुंतलेला असताना त्याच्या मनगटावरची दोरी सैल पडते. या दोन क्षणांसाठी गळपट्टा व दोरी एकच असलेली फासाची दोरी दाराशी टांगून ठेवणे, प्रतीक्षेच्या जागेला आणखी एक आडदार बसवणे आणि भुलीतून पुरता न सावरलेला रुग्ण मालकाच्या हाती न सोपवणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते. घरासाठीही हेच तत्त्व लागू पडते: कुत्रा आणि रस्ता यांच्यामध्ये सदैव दोन अडथळे असावेत, मग ते सदनिकेचे सेफ्टी डोअर असो वा बंगल्याचे आतले फाटक.

ओळख पटवण्याच्या साधनांविषयी मालकांइतकाच व्यावसायिकांतही गोंधळ दिसतो. मायक्रोचिप ही तांदळाच्या दाण्याएवढी, दोन खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली बसवलेली निष्क्रिय कुपी आहे. तिच्यात बॅटरी नसते, ती कुत्र्याचा ठावठिकाणा सांगत नाही, आणि आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनुसार १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारे वाचनयंत्र जवळ आणल्यावर केवळ पंधरा अंकी क्रमांक दाखवते. गळ्यातले जीपीएस यंत्र सिमकार्ड आणि बॅटरीवर चालते, तर ब्लूटूथचे टॅग आसपासच्या मोबाइलवर विसंबून असतात. क्रमांक मालकाशी जोडणारी नोंदवही नसेल तर चिप निरुपयोगी ठरते. अमेरिकेतील ५३ आश्रयगृहांमधील ७,७०४ चिपधारी प्राण्यांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आश्रयगृहात आलेल्या एकूण बेवारस कुत्र्यांपैकी २१.९ टक्के, तर चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के कुत्री मालकाकडे परतली. मात्र ज्यांचे मालक सापडले नाहीत त्यांतील सर्वांत मोठे कारण, ३५.४ टक्के, चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक हे होते. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना चिप अनिवार्य झाली, तेव्हा तपशील अद्ययावत ठेवणेही कायद्याने बंधनकारक करण्यात आले, ते याचमुळे. भारतात गाई-म्हशींच्या कानातील बारा अंकी पिवळ्या बिल्ल्यामागे राष्ट्रीय नोंदप्रणाली उभी आहे. घरातल्या कुत्र्याच्या चिपमागे मात्र सर्व दवाखान्यांना खुली अशी एकच नोंदवही नाही. ती निर्माण होईपर्यंत मालकाचा क्रमांक कोरलेला साधा धातूचा बिल्ला हेच सर्वांत जलद साधन राहणार आहे, कारण तो वाचायला रस्त्यावरच्या चहावाल्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. जून १८३२ मध्ये कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमानंतर इनामाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्रीही धरू लागले, तेव्हा कोट भागात पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगा उसळला होता. आजचा धोका निराळा असला तरी त्याचे मूळ तेच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री पकडून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर आश्रयगृहात ठेवायची असून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचे नाही. अशा आवारात शिरलेला, गळ्यात काहीही नसलेला देशी वाणाचा घरचा कुत्रा पकडणाऱ्यांनी कशावरून वेगळा ओळखावा?

हरवल्यानंतरच्या सल्ल्यात परदेशी पुस्तके जशीच्या तशी वापरता येत नाहीत. अमेरिकेतील २०१२ च्या एका सर्वेक्षणात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाली आणि मिळालेल्यांतील निम्म्याच्या आसपास परिसरातच शोध घेतल्याने सापडली. पण तेथील वस्त्यांत भटक्या कुत्र्यांचे टोळीनिहाय इलाखे नसतात. आपल्याकडे हद्दीत आलेल्या अनोळखी कुत्र्याला एक टोळी हुसकावते, तो दुसऱ्या टोळीच्या हद्दीत शिरतो आणि असा रेटत रेटत घरापासून दूर जातो. म्हणून पहिल्या काही तासांचे मोल येथे अधिक आहे आणि रखवालदार, दूधवाले, कचरा वेचणारे व रात्री कुत्र्यांना खाऊ घालणारे यांच्याकडे छायाचित्र पोचवणे हा शोधाचा कणा ठरतो.

कुत्रा दृष्टीस पडल्यावर होणारी चूक अधिक घातक असते. भेदरलेला कुत्रा मालकालाही ओळखेनासा होतो. त्याला मोठ्याने हाका मारल्या किंवा दहा जणांनी घेरले की तो वाहनांच्या रस्त्यावर उडी घेतो. मालकाने तेथेच खाली बसावे, अंग तिरपे ठेवावे, नजरेला नजर भिडवू नये, ओळखीच्या वासाचे खाणे हळूच टाकत राहावे आणि कुत्रा आपण होऊन जवळ येईपर्यंत हात पुढे करू नये. जो जवळ येत नाही त्याला रोज एकाच जागी, एकाच वेळी अन्न ठेवून तेथे सापळ्याचा पिंजरा लावणे हा संथ पण खात्रीचा मार्ग आहे. अशा वेळी पशुवैद्याकडे हमखास मागणी होते ती फुंकनळीने भूल देण्याची किंवा खाण्यातून गोळ्या देण्याची. दोन्हीला शक्यतो नकार द्यावा. भयाने आधीच उत्तेजित झालेल्या प्राण्यावर झायलाझिनचा परिणाम बेभरवशाचा असतो, सुई लागल्यापासून तो कोसळेपर्यंतची मिनिटे त्याला रेल्वेरुळापर्यंत न्यायला पुरेशी असतात, आणि गोळ्या खाल्लेला कुत्रा एखाद्या गटारात निपचित पडला तर तो कोणालाच सापडत नाही.

सापडलेला कुत्रा हा नवा रुग्ण मानावा. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्याला पोटभर जेवू घातल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटून जीवावर बेतते, म्हणून आहार थोडाथोडा वाढवावा. अंगावर चावे असतील तर लस अद्ययावत असली तरी रेबीजची बूस्टर मात्रा त्वरित द्यावी. पुढे ४५ दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची अमेरिकेतील मार्गदर्शक पद्धत आपल्याकडेही अनुसरण्याजोगी आहे. गोचिडांमुळे होणारा एर्लिकियोसिस, पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस आणि समागमातून पसरणारा व काही महिन्यांनी प्रकटणारा संसर्गजन्य अर्बुद यांसाठी पुढील तपासण्यांच्या तारखा त्याच दिवशी लिहून द्याव्यात. पकडताना ज्याला दात लागला त्या माणसाची जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याला रेबीजच्या लसीसाठी धाडणे हे कुत्र्याच्या तपासणीच्याही आधीचे काम आहे.

वाचक व्यावसायिकांना विनंती एवढीच की या महिन्यापासून लसीसाठी येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची चिप खांद्यापासून कोपरापर्यंत यंत्र सावकाश फिरवून वाचावी, कारण ती जागा सोडून सरकलेली असू शकते. मालकाचा चालू दूरध्वनी क्रमांक त्याच्यासमोर लावून पाहावा. आणि नवे केसपेपर छापायला देताना ‘पूर्वी सुटला होता काय?’ ही एक ओळ त्यात घालावी.