शोधाची सुरुवात डिव्हिजन थ्रीपासून करा

हायस्कूलच्या धावण्याच्या संघात चांगली वेळ देणारा मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेली की अमेरिकेतल्या आपल्या घरांत दोन प्रश्न सुरू होतात. डिव्हिजन वनचं कॉलेज घेईल का, आणि स्कॉलरशिप किती मिळेल? डिव्हिजन थ्रीचा विषय निघालाच, तर ‘तिथे खेळासाठी पैसे मिळत नाहीत’ एवढ्यावर तो संपतो. ही माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ज्यांना कॉलेजची चारही वर्षं खरोखर धावायचं आहे आणि शिक्षणाशी तडजोड करायची नाही, अशा बहुतेक मुलांनी शोधाची सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी पैशाचंच पाहू. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या जुन्या नियमानुसार डिव्हिजन वनच्या कॉलेजला ट्रॅक आणि क्रॉस कंट्री मिळून पुरुषांसाठी १२.६ आणि महिलांसाठी १८ पूर्ण स्कॉलरशिपएवढीच रक्कम देता येत असे. त्यातच स्प्रिंटर, उड्या मारणारे, गोळा आणि थाळी फेकणारे असे सगळे आले. कोच ती रक्कम तुकड्यातुकड्यांनी वाटत, त्यामुळे लांब पल्ल्याच्या बहुतेक धावपटूंच्या वाट्याला पूर्ण स्कॉलरशिप कधी येतच नव्हती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती ही मर्यादा उठली. अनेक पालकांना ही आनंदाची बातमी वाटली. पण स्कॉलरशिपच्या मर्यादेच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली : क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. पूर्वी एकही डॉलर न घेता ‘वॉक-ऑन’ म्हणून संघात शिरायचं आणि दोन-तीन वर्षांत वेळ सुधारून स्पर्धेत उतरायचं, ही वाट खुली होती. आता जागा मोजक्या आहेत, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या कॉलेजांतून बदली घेऊन आलेले तसंच परदेशांतून आलेले वयाने मोठे, मुरलेले धावपटूही रांगेत उभे असतात. अशा वेळी कोच सतरा वर्षांच्या मुलाची वाट का पाहील?

आणि वाट पाहणं हा तर लांब पल्ल्याच्या धावण्याचा पायाच आहे. या प्रकारात दम वर्षानुवर्षांच्या सरावाने वाढतो, आणि हायस्कूलमधली वेळ ही त्या मुलाची सीमा नसते. निक सिमंड्सचं उदाहरण बोलकं आहे. तो ओरेगनमधल्या विलमेट विद्यापीठात, म्हणजे डिव्हिजन थ्रीत, घडला. तिथून तो २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावला, आणि २०१३ च्या मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. असा प्रवास विरळाच, हे मान्य. पण ज्या विभागात असा धावपटू घडतो, तिथे धावणं हलक्याने घेतात असं म्हणता येणार नाही. अभ्यासाच्या बाबतीत तर शंकेला जागाच नाही. २०२४ ची डिव्हिजन थ्रीची महिला क्रॉस कंट्री स्पर्धा एमआयटीने जिंकली. शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, विल्यम्स ही सगळी याच विभागातली आहेत.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. या विभागातली नामवंत खाजगी कॉलेजं अतिशय महाग आहेत. त्यांतली काही फक्त कुटुंबाची गरज पाहून मदत देतात, आणि दोन पगारांच्या घराला ती मिळेलच असं नाही. पण डिव्हिजन थ्री म्हणजे केवळ खाजगी कॉलेजं नव्हेत. द कॉलेज ऑफ न्यू जर्सी, न्यूयॉर्क राज्याचं जिनेसिओ, विस्कॉन्सिनचं ला क्रॉस ही सरकारी कॉलेजंही त्यातच येतात, आणि राज्यातल्या रहिवाशांना तिथली फी कमी पडते. गुणवत्तेवर मिळणारी स्कॉलरशिप अनेक कॉलेजं देतात, तिला दुखापतीची भीती नसते. पाय मोडला तरी ती चालू राहते.

दुसरा आक्षेप उघडपणे कुणी मांडत नाही. डिव्हिजन वनमध्येच असलेली हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि आयव्ही लीगमधली बाकीची विद्यापीठंही खेळासाठी एक डॉलर देत नाहीत, तरी तिथे जायला कुणी नाही म्हणत नाही. म्हणजे अडचण पैशाची नसून नावाची आहे. नातेवाइकांना सांगायला ‘डिव्हिजन वन’ चांगलं वाटतं. पण रोज पहाटे उठून धावायचं आहे ते मुलाला. चार वर्षं स्पर्धेबाहेर बसवणाऱ्या नावाने त्याच्या वाट्याला काय येणार? अर्थात ज्या मुलाची ३२०० मीटरची वेळ नऊ मिनिटांच्या आत आहे, त्याने डिव्हिजन वनचे कोच काय म्हणतात ते जरूर ऐकावं. त्या वेगाची मुलं थोडीच असतात.

आता हा शोध सुरू कसा करायचा ते पाहू. डिव्हिजन वनच्या कोचना दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी मुलांशी थेट संपर्क साधता येत नाही. डिव्हिजन थ्रीत फोन आणि ईमेलला अशी तारखेची आडकाठी नाही. तेव्हा मुलाला किंवा मुलीला आपल्या वेळा आणि मार्क कळवणारी ईमेल स्वतः लिहू द्या, पालकांनी लिहू नये. आणि कॉलेजला भेट द्याल तेव्हा कोचला हे प्रश्न अवश्य विचारा : पहिल्या वर्षी संघात आलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षीही धावत होते? किती जणांची वेळ सुधारली? गेल्या मोसमात किती मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर झालं? याची सरळ उत्तरं मिळेपर्यंत कोणत्याही कॉलेजला होकार कळवू नका.