ढालीच्या मागची गादी

अमीर हमजाच्या दास्तानीत देव, परी, जादूगार सगळे आहेत. तरी अकबर बादशहाच्या चित्रकारांनी सोळाव्या शतकात तिची सुमारे १४०० चित्रे काढली, तेव्हा वीरांना त्या काळचीच शस्त्रे आणि चिलखते दिली.

आमच्या सेमाडोहची मुलं मोबाइलवरचे योद्धे वहीत काढतात. अंगभर पत्रा, खांद्यावर काटे. मी विचारते, "हा हात वर कसा करणार?" काट्यांचं तर उलटंच. वार घसरून जायला हवा, काटा त्याला अडकवून धरतो. असला वीर ना दमतो, ना घामाघूम होतो. मग मार खाणाराही मुलांना खेळातलाच वाटतो. मला खटकतं ते हे.

आपली जुनी गोल ढाल बघा, कातड्याची किंवा पोलादाची. समोरच्या चार फुल्या नुसती नक्षी नव्हे. मागच्या कड्या तिथेच पक्क्या केलेल्या असतात, कड्यांत मुठीचे पट्टे, आणि मुठीमागे छोटी गादी. ती नसेल तर घाव ढालीवर बसूनही बोटं ठेचतात. कड्यांचं चिलखत धार अडवतं, दणका अडवत नाही. म्हणून आत कापूस भरलेला अंगरखा. कापसाचं मोल वऱ्हाडात कुणी कुणाला सांगावं!

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांना चिलखताच्या कड्यांचं माप नीट राखायला सांगितलं आहे. कडी मोठी झाली की टोक आत शिरतं.

दास्तानीतली ढाल खुशाल जादूची असू द्या. घरी मूल ढालीचं चित्र काढत असेल, तर त्याला मागची बाजूही काढायला सांगा.