१२० तासांची सेवा

धाकट्या भावाचा परवा फोन. इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर, नवीन हॉस्टेल. "दादा, एनएसएसला नाव देऊ का? ग्रेस मार्क मिळतात म्हणे." हसू आलं. मीही त्याच हिशेबाने दिलं होतं!

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत. वर्षाला १२० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. आमचं शिबिर पडलं डिसेंबरात, नेमकं माझ्याच केळापूर तालुक्यात. आम्ही शाळेला चुना लावला (शब्दशः हो), शोषखड्डे खणले, रॅली काढली. शिवारात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हता. एक काकू म्हणाली, "बाप्पा, खड्डे तं आमी बी खंदतो. कापूस वेचाले येता का?" सरांनी कार्यक्रमपत्रिका दाखवली. मी पांढरकवड्याचा पोरगा, खाली मान घालून खणत राहिलो.

आता कोणी म्हणेल, पोरांनी फुकट वेचला तर किलोवर वेचणाऱ्या बायांची मजुरी बुडेल. मुद्दा खरा आहे. पण तोही गावात बसून बोलायला हवा होता ना? पत्रिका कॉलेजात छापून गावात न्यायची, हेच मला पटत नाही. अमरावती विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचं. ते आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. तासांचं रजिस्टर काही नव्हतं.

असो. भावाला म्हटलं, नाव दे. फक्त शिबिराचं गाव कळलं की एका रविवारी तिथे चक्कर टाकून ये, पत्रिका छापायच्या आत.