मागच्या गेटावरची येसकरकी

जुहूची पंचतारांकित हॉटेलं समुद्राकडं तोंड करून उभी आहेत. तोंड सगळं जग बघतं. आपण मागच्या गेटाचं बोलू.

रात्री बुफे उठतो. भात, कोंबडी, केक, कुणी हातही न लावलेली फळं, सगळं काळ्या पिशवीत. त्याच पिशवीत बारची फुटकी बाटली, खोलीतलं दाढीचं पातं, वापरलेला पॅड. पहाटे गाडी येते, आणि पिशवीत हात घालतो तो गाडीवरचा कंत्राटी. त्याची जात विचारू नका. गाव विचारा, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारा. कळेल.

गावात येसकर दारोदार शिळी भाकर गोळा करायचा. तीच पाळी इथं डिझेलवर चालते. तेव्हा उष्टं खात होतो, आता उपसतो. मार्च 1927 ला महाडात बाबासाहेबांनी बजावलं, मेलेलं ढोर सोडा, उष्टं सोडा. त्याच 1927 ला मुंबईनं देवनारचं डंपिंग उघडलं. आपण गावचं उष्टं सोडून आलो, शहरानं त्याचा डोंगर करून ठेवला आणि पायथ्याशी आपल्यालाच झोपडी दिली. ओला कचरा दबून सडला की मिथेन होतो. जानेवारी 2016 ला देवनार पेटलं तेव्हा धूर गोवंडीच्या पोरांनी गिळला, बुफे खाणाऱ्यांनी नाही.

त्याच साली घनकचऱ्याचे नियम आले. हॉटेलांना वर्षाची मुदत होती. कचरा जागेवरच वेगळा करा, ओल्याचं खत नाहीतर गॅस आवारातच करा. शेवटी एक शब्द चिकटवला : शक्यतो. त्या शक्यतोच्या भोकातून अख्खा डंपर निघून जातो! जागा नाही म्हणतात. पोहायच्या टाकीला जागा आहे, लॉनला आहे, खताच्या खड्ड्याला नाही. आणि गाडीवरचा माणूस म्हणाला, मी शक्यतो हात घालीन, तर? दुसऱ्या दिवशी हजेरीवरनं नाव गेलं.

कायम व्हायचं म्हटलं तर तेही बघा. मुंबई महापालिकेच्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं कोर्टात लढून 2017 ला सर्वोच्च न्यायालयातून कायम करून घेतलं. तोवर पालिका म्हणत होती, हे कामगारच नव्हेत, स्वयंसेवक आहेत. स्वयंसेवक! उष्ट्याची हौस म्हणून पहाटे उठणारे.

आपली शिकलेली पोरं म्हणतात, कचरा हा पर्यावरणवाल्यांचा विषय. ते हातमोजे घालून चौपाटी झाडतात, फोटो काढतात, घरी जातात. भरतीला समुद्र कचरा परत आणून टाकतो आणि तो उचलायला पुन्हा आपलाच कंत्राटी. काही म्हणतात, हे कामच सोडा. बरोबर आहे, सोडायचंच आहे. पण उष्टं ज्याचं त्यानं निस्तरावं हे आधी कोण सांगणार? खड्डा त्याच्या लॉनमध्ये खणायला लावा, पिशव्या त्याच्याच पगारी माणसांना कायद्यानं वेगळ्या करायला लावा, मग सोडण्याचं बोलू.

येत्या रविवारी पाच जणांनी जुहूला यायचं. चौपाटीवर नाही. मागच्या गेटावर, पहाटे, गाडी यायच्या आत.